रद्दीत गेलेले अंक: वसईतील एका धर्मग्रामाने फादर दिब्रिटोंची आठवण कशी राखली

मराठी लेखक, संपादक आणि कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात ती बातमी वर्तमानपत्रांच्या आधी घराघरांतल्या फोनवरून पोचली, आणि त्याच संध्याकाळी नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. पुढच्या काही महिन्यांत या भागात जिथे म्हणून चार माणसे मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आवारात रेंगाळत, तिथे एकच विषय निघत असे: फादरांच्या नावाने आपण काय करायचे?

हे प्रकरण अशाच एका धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या कॅथलिक समाजाचे, आहे. मी तेथील पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे धर्मग्रामाच्या मंडळाचा, काही वर्षे चिटणीस होतो, त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यात माझाही हात आहे, आणि त्यातला एक भाग सांगताना मला संकोच वाटतो. धर्मग्रामाचे आणि त्यातील माणसांचे नाव मी देत नाही, कारण अशाच गोष्टी कमीअधिक फरकाने इतरत्रही घडल्या असणार, आणि नाव दिले की वाचणाऱ्याचे लक्ष गोष्टीवरून उडून माणसांवर जाते.

निर्णय कशाबद्दल घ्यायचा होता हे कळण्यासाठी आधी फादरांविषयी थोडे सांगायला हवे. ४ डिसेंबर १९४२ रोजी नंदाखाल येथे त्यांचा जन्म झाला आणि १९७२ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ अशी सुमारे २४ वर्षे ते ‘सुवार्ता’ या मराठी कॅथलिक मासिकाचे संपादक होते. एक योगायोग मला फार आवडतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी दोन दस्तऐवज जाहीर केले. एकाने उपासनेत लोकभाषेला जागा दिली, तर दुसरा छापखाना, रेडिओ, चित्रपट अशा संपर्कमाध्यमांविषयीचा होता. नंदाखालच्या या तरुणाने त्या दिवशी वयाची एकविशी पूर्ण केली होती. मराठीतून प्रार्थना करणारे चर्च आणि मराठीतून छापणारे चर्च या दोन्ही वाटा त्या एकाच दिवशी अधिकृतपणे मोकळ्या झाल्या आणि त्यांचे पुढचे आयुष्य त्या दोन्ही वाटांवर गेले.

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा अर्थातच जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचे, तर जेज्विट धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी अहमदनगर जिल्ह्यातून सुरू केलेले ‘निरोप्या’ १९०३ पासूनचे. परंतु वसईचा वाचक वेगळा होता. त्याच्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, देवळात आधी लॅटिन आणि परिषदेनंतर मराठी, आणि नोकरीच्या ठिकाणी, म्हणजे चर्चगेट किंवा फोर्टमधल्या कचेरीत, इंग्रजी. इतक्या भाषांमधून रोज ये-जा करणारा माणूस लिहायला बसला की अडखळत असे. ‘सुवार्ते’ने या माणसाला लिहिते केले, हे मी केवळ ऐकीव म्हणून सांगत नाही. आमच्या धर्मग्रामात आज जी पाच-सहा माणसे बऱ्यापैकी मराठी लिहितात, त्यांतल्या बहुतेकांचे पहिले छापील वाक्य त्या मासिकातले आहे, कधी वाचकाच्या पत्रात तर कधी एखाद्या धर्मभगिनीवरच्या श्रद्धांजलीत.

संपादकाचे टेबल आणि रस्ता यांत फादरांनी फारसे अंतर ठेवले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, त्याच्या नेतृत्वात ते होते. वसईची केळी, पानवेली, मोगरा, वाड्यांतला भाजीपाला आणि या सगळ्याला जगवणाऱ्या विहिरी एका बाजूला, आणि बांधकामाची लाट, टँकरने उपसले जाणारे पाणी आणि गुंडांची दहशत दुसऱ्या बाजूला, असा तो झगडा होता. १९९० साली सिडकोकडे या भागाचे नियोजन गेले, २००९ साली महानगरपालिका झाली, आणि गावे महापालिकेत राहावीत की नाहीत यावरून पुन्हा वाद पेटला. धर्मगुरूने असल्या कामात पडावे काय, यावर त्या काळी आमच्या घरातही दोन तट होते. आईला मोर्चा म्हणजे प्रार्थनेचाच एक प्रकार वाटे, आणि वडील मात्र ‘सुवार्ता’ हातात घेऊन, फादरांनी आधी शुभवर्तमान सांगावे आणि मग विहिरी मोजाव्यात, असे म्हणत. तरीही वर्गणी वडीलच भरत.

महाराष्ट्रातल्या बाकीच्या वाचकांना फादर ठळकपणे माहीत झाले ते जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. संमेलनांची परंपरा १८७८ पासूनची, आणि अध्यक्षपदी आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तो अंगावर घेऊन ते गेले, चाकाच्या खुर्चीतून गेले, आणि पाठीच्या दुखण्यामुळे उद्घाटनाच्या दिवसानंतर त्यांना तेथे थांबता आले नाही. हा तपशील पुढच्या गोष्टीत कामी येणार आहे, कारण आमच्या धर्मग्रामात पहिली चर्चा झाली ती त्या संमेलनाच्या छायाचित्रावरून.

तीन प्रस्ताव

२०२४ च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत, पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. त्यात तीन प्रस्ताव आले. पहिला असा की, चर्चच्या आवारातील सभागृहाला फादरांचे नाव द्यावे आणि दाराशी त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा बसवावा. परदेशी स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती आणि नमुना म्हणून संमेलनाच्या व्यासपीठावरील छायाचित्र पाठवले होते. दुसरा प्रस्ताव वार्षिक व्याख्यान आणि शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धेचा होता. तिसरा प्रस्ताव एका निवृत्त शिक्षिकेचा होता आणि तो मांडताना तिचा आवाज इतका बारीक होता की इतिवृत्तात तो एका ओळीत आटोपला आहे: ‘जुन्या सुवार्ता अंकांची सूची करावी.’

पहिल्या प्रस्तावाला बहुमत होते, आणि त्यात काही वावगे होते असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे दगडावर कोरलेल्या नावाला मान आहे. आमच्या देवळाच्या फरशीखाली पोर्तुगीज काळातल्या माणसांच्या समाध्या आहेत आणि त्यांवरची झिजलेली अक्षरे बोटांनी चाचपत आमचे लहानपण गेले आहे. शिवाय पैसा आयता येत होता. कोणत्याही कौन्सिलमध्ये आयत्या पैशाला नाही म्हणणारा माणूस बैठकीनंतर चहाच्या वेळी एकटा पडतो.

तरीही एक अडचण मला त्याच बैठकीत खटकली होती. संमेलन तीन दिवसांचे होते, त्यातला एक दिवस फादरांच्या वाट्याला आला, आणि पुतळा होणार होता तो त्या एका दिवसातल्या फादरांचा. आमच्या धर्मग्रामाचा त्यांच्याशी असलेला संबंध २४ वर्षे दर महिन्याला पोस्टमनच्या हातून येत होता. त्या संबंधाचे छायाचित्र कोणाकडे नव्हते.

कपाट

निर्णय फिरला तो एका किरकोळ कामामुळे. निबंधस्पर्धेच्या जाहिरातीसाठी फादरांच्या संपादकीयातले एक वाक्य हवे होते. ते पाहण्यासाठी दोन तरुण चर्च कार्यालयामागच्या खोलीतले लोखंडी कपाट उघडायला गेले. त्या कपाटात ‘सुवार्ते’चे वर्षवार बांधलेले खंड असतात हे सर्वांना ठाऊक होते. निदान सर्वांची तशी समजूत होती. कपाटात दोन वर्षांचे सुटे अंक निघाले, तेही २००७ नंतरचे, म्हणजे फादर संपादक नसतानाचे. बाकी जागेत नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती, गुंडाळलेले दिव्यांचे तोरण आणि डांबराच्या गोळ्यांचे फुटलेले पाकीट होते.

चौकशी फार लांबवावी लागली नाही. काही वर्षांपूर्वी कार्यालयाची दुरुस्ती झाली, तेव्हा ‘वाळवी लागलेली जुनी पुस्तके व मासिके निकालात काढावीत’ असा ठराव कौन्सिलने केला होता. ठराव एकमताने झाला. चर्चा झाल्याची नोंद नाही. त्या पानाखाली चिटणीस म्हणून माझी सही आहे. वाळवी किती खंडांना लागली होती, हे त्या वेळी कोणी उघडून पाहिले होते काय, असे मला विचारण्यात आले, आणि मला उत्तर देता आले नाही. रद्दीवाल्याचा टेम्पो आवारात उभा असलेला मात्र मला चांगला आठवतो, कारण तो माझ्या स्कूटरच्या आड लावला होता आणि मी त्याला घाईने हटवायला सांगितले होते.

पुढच्या बैठकीत हे सगळे मी स्वतः वाचून दाखवले. कोणी रागावले नाही, आणि मला वाटते रागावले असते तर बरे झाले असते. प्रमुख धर्मगुरूंनी एवढेच विचारले की, ज्या धर्मग्रामाने संपादकाचे अंक किलोवर विकले त्याच धर्मग्रामाने त्याचा पुतळा उभारला, तर उद्घाटनाच्या दिवशी पुतळ्याकडे पाहताना आपल्याला कसे वाटेल. अर्धपुतळ्याचा प्रस्ताव रद्द झाला नाही, पुढे ढकलला गेला. देणगीदार कुटुंबाला पत्र गेले. त्यांचे उत्तर थोडे नाराजीचे होते, पण त्यांनी सूचीच्या कामासाठी एक संगणक आणि पुस्तके पालथी न घालता पाने टिपणारे एक यंत्र, म्हणजे स्कॅनर, पाठवले. तिसरा प्रस्ताव, तो एका ओळीचा, अशा रीतीने पहिला झाला.

घराघरांतून

फादरांच्या संपादनकाळातले अंक, महिन्याला एक या हिशेबाने आणि मधले जोडअंक वजा धरून, पावणेतीनशेच्या आसपास असावेत. एका गावात ते सगळे मिळतील अशी आशा कोणालाच नव्हती. तरी रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये घोषणा झाली, आणि धर्मग्रामातल्या लहान ख्रिस्ती समूहांनी वाडीवार फिरायचे ठरवले. नियम आधीच ठरले होते. अंक मागून आणायचा, ठेवून घ्यायचा नाही. पावती द्यायची. कोणाच्या घरातला अंक फाटका असला तरी तो चिकटपट्टीने ‘नीट’ करायचा नाही, कारण चिकटपट्टीचा पिवळा डाग पुढे अक्षरेच खातो. हा शेवटचा नियम शिक्षिकाबाईंचा. आमच्यातल्या उत्साही मंडळींनी पहिल्याच आठवड्यात तो मोडला आणि बोलणी खाल्ली.

अंक कुठे कुठे निघाले हे पाहण्यासारखे होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत निघाले, शिवणयंत्राच्या खणात निघाले, एका घरी भांड्यांच्या फळीवर अंथरलेले निघाले आणि त्यांवर तेलाच्या डब्याचे गोल उमटलेले होते. एका वाडीत गठ्ठा केळीच्या सोपाने, म्हणजे फुले बांधायच्या दोरीने, आवळून ठेवला होता. तो सोडताना वाळका सोप हातात तुटला आणि घरधनीण म्हणाली की हा माझ्या सासऱ्याने बांधलेला, आता पुन्हा कोण बांधणार. सखल भागातल्या घरांतून मात्र जवळजवळ काहीच आले नाही. २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी त्या घरांत शिरले होते आणि तळमजल्यावरचा कागद तेव्हाच गेला होता. संग्रहातली ही पोकळी गावाच्या नकाशावर दाखवता येते. उंचवट्यावरच्या वाड्यांनी जपलेले अंक आणि खाडीकडच्या वाड्यांनी गमावलेले अंक अशी ती सरळ विभागणी आहे.

एका आजीने पेटी उघडली, सगळे अंक पुढे केले, आणि एक मात्र मांडीखाली ठेवला. त्यात तिच्या नवऱ्याच्या निधनाची चौकट होती. तिला समजावण्याचा प्रयत्न झाला नाही. दोन आठवड्यांनी आमच्यातली एक मुलगी तिच्या घरी वही घेऊन गेली, आजीच्या शेजारी बसून त्या अंकाची अनुक्रमणिका हाताने उतरवून घेतली, आणि अंक पुन्हा मांडीखाली गेला. सूचीत त्या अंकाच्या नोंदीसमोर ‘घरी पाहिला’ असा शेरा आहे. हा शेरा नंतर आम्हांला इतका सोयीचा वाटला की ज्यांना अंक बाहेर द्यायचा नव्हता अशा इतर घरांसाठीही तो वापरला.

सूची कशी झाली

सूचीकरण हे काम ऐकायला रुक्ष आहे आणि करायला त्याहून रुक्ष आहे. प्रत्येक लेखासाठी एक नोंद: महिना व वर्ष, पान, शीर्षक, लेखक, विषय, आणि लेखात एखाद्या गावाचा किंवा धर्मग्रामाचा उल्लेख असेल तर त्याचे नाव. पहिल्या महिन्यातच तीन अडचणी आल्या, आणि त्यांतली सर्वांत चिवट अडचण आमच्या आडनावांची निघाली.

वसईतली आडनावे पोर्तुगीजांनी दिली, बोलींनी घडवली आणि मराठी शाळेतल्या गुरुजींनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिली. त्यामुळे एकच माणूस एका अंकात घोन्साल्विस, दुसऱ्यात गोन्साल्विस, तर तिसऱ्यात गोन्सालवीस असतो. मचाडो आणि मच्याडो, रॉड्रिग्ज आणि रॉड्रिग्स, लोपीस आणि लोपेस, हे सगळे एकाच बाकावर बसणारे लोक आहेत. खुद्द संपादकाचे नाव कुठे ‘दिब्रिटो’, कुठे ‘डिब्रिटो’ असे लिहिलेले आढळते. संगणकाला हे सगळे वेगवेगळे लेखक वाटतात. शेवटी शिक्षिकाबाईंनी एक जाड वही घेतली आणि प्रत्येक आडनावाचे एक ‘घर’ ठरवून त्याखाली त्याची सगळी रूपे लिहिली. त्या वहीला आम्ही गमतीने ‘बाप्तिस्मा रजिस्टर’ म्हणू लागलो, आणि पुढे खरेखुरे बाप्तिस्मा रजिस्टरच कामी आले, कारण दोन सारख्या नावांतला कोण कोणत्या वाडीचा हे तिथेच कळत होते.

दुसरी अडचण टोपणनावांची आणि निनावी मजकुराची. लेखकाचे नाव नसलेला प्रत्येक मजकूर फादरांच्या खात्यावर टाकायचा मोह फार होता. तो आवरावा लागला. जिथे नाव छापलेले नाही तिथे ‘नाव नाही’ एवढेच लिहिले, आणि कोणाला लेखक ठाऊक असल्याचे वाटले तर ती माहिती शेजारच्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या आद्याक्षरांसह. श्रद्धेपोटी केलेली चूकही चूकच राहते, आणि पत्रकाराच्या बाबतीत तर ती जास्त टोचते.

तिसरी अडचण सांगायला सोपी होती, पण तिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. वाचकांची पत्रे सूचीत घ्यायची काय? काहींचे म्हणणे असे की लेख, कविता आणि संपादकीये पुरेत. पत्रांत भांडणे असतात, ती आता का उकरायची. यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी, जे स्वतः त्या काळात फादरांच्या भूमिकेविरुद्ध बोलत असत, स्वच्छ सांगितले की माझे पत्र कुठे असेल तर ते काढू नका. ज्या संपादकाने विरोध छापला त्याचा मोठेपणा, विरोध गाळून कसा दिसणार, हा त्यांचा मुद्दा होता. प्रत्येक पत्र घ्यायचे ठरले. वडिलांचे एखादे पत्र निघते की काय म्हणून मी पत्रांची पाने स्वतःकडे मागून घेतली होती. अजून तरी निघालेले नाही. घरात इतके बोलणारा माणूस कागदावर गप्पच राहिला असे दिसते.

हक्काचा प्रश्न

अंक जमले, पाने टिपली गेली, तेव्हा साहजिकच सर्वांना वाटले की हे सगळे लोकांसाठी खुले करून टाकावे. येथे एका वकील असलेल्या तरुणाने ब्रेक लावला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे त्याच्या लेखनावरचा हक्क टिकतो. फादर २०२४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०८४ अखेरपर्यंत आहे. शिवाय मासिकात लिहिणारे शेकडो इतर लोक, ज्यांना कोणी पगारावर नेमलेले नव्हते, त्यांचा त्यांच्या लेखांवरचा हक्क वेगळा. अंक घरोघरी जपला म्हणून तो छापण्याचा किंवा पसरवण्याचा अधिकार धर्मग्रामाला मिळत नाही. सूची करायला, म्हणजे काय कुठे छापले आहे हे सांगायला, मात्र कोणाची आडकाठी नाही.

हे सगळे बैठकीत नीट समजावून झाले आणि चौथ्या दिवशी एका समूहाच्या व्हॉट्सअॅप गटावर एका अंकाची बारा पाने फिरू लागली. ती टाकणाऱ्या मुलाचा हेतू निर्मळ होता. त्याच्या आजोबांची कविता त्यात होती. पण पुढे पाठवताना कोणीतरी कविता गाळली, त्याच अंकातल्या एका लेखाचा अर्धा परिच्छेद उचलला, त्यावर फादरांचा फोटो डकवला, आणि ते त्यांचे वचन म्हणून दुसऱ्या तालुक्यापर्यंत गेले. तो परिच्छेद फादरांचा नव्हताच. ज्याच्या स्मरणार्थ हे काम चालले होते त्याच्याच तोंडी दुसऱ्याचे वाक्य घातले गेले होते, आणि तेही आमच्या संग्रहातून. यानंतर टिपलेली पाने एकाच संगणकात ठेवली गेली आणि किल्ली शिक्षिकाबाईंकडे गेली. मासिकाच्या व्यवस्थापनाकडे रीतसर परवानगी मागण्याचे आणि आपली सूची त्यांना देऊ करण्याचे ठरले.

पहिला स्मृतिदिन

२५ जुलै २०२५ हा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी मृतांसाठीची खास मिस्सा व्हावी, अशी बहुतेकांची अपेक्षा होती, आणि त्यासाठी गायनवृंदाने गीतेही बसवली होती. प्रमुख धर्मगुरूंनी उपासनेचा नियम दाखवून दिला. २५ जुलै हा प्रेषित संत याकोबाचा सण आहे. पहिल्या वर्षश्राद्धाची मिस्सा साध्या दिवशी आणि अनिवार्य स्मरणदिनीही करता येते, परंतु प्रेषिताच्या सणाला ती बाजूला सारून करता येत नाही. म्हणून त्या दिवशी वस्त्रे जांभळी नव्हती, रक्तसाक्षी प्रेषिताची लाल वस्त्रे होती, मिस्सा याकोबाची होती, आणि फादर दिब्रिटोंचे नाव मिस्साच्या हेतूत, म्हणजे ती ज्यांच्यासाठी अर्पण केली त्यांत, होते. गायनवृंद थोडा हिरमुसला.

सणाचे शुभवर्तमान मत्तयाच्या विसाव्या अध्यायातले असते. जब्दीच्या मुलांची आई येशूकडे येते आणि आपल्या दोन मुलांना तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे व एकाला डावीकडे बसव अशी मागणी करते. सभागृहाच्या दाराशी पुतळा कोणत्या बाजूला असावा, उजवीकडे की डावीकडे, यावर आगमनकाळातल्या त्या बैठकीत वीस मिनिटे गेली होती. वाचन चालू असताना माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रवचनात त्याचा उल्लेख झाला नाही, आणि ते बरे झाले.

मिस्सानंतर सभागृहात, जे अजून बिननावाचेच आहे, सूचीचा पहिला भाग टेबलावर ठेवला होता. भाषणे झाली नाहीत. लोकांनी रांग लावून आपापले आडनाव शोधले. हे आम्ही योजले नव्हते. आम्हांला वाटले होते की माणसे फादरांची संपादकीये पाहतील, पण प्रत्येकाने आधी आपले आजोबा, मावशी, शाळेतल्या बाई शोधल्या, आणि सापडले की पानाचा क्रमांक तळहातावर लिहून घेतला. एक बाई तिच्या आईने लिहिलेल्या चार ओळींच्या पाककृतीची नोंद पाहून तिथेच खुर्चीवर बसली. संपादकाचे काम नेमके कशात असते, याचा मला त्या संध्याकाळी जो अंदाज आला तो चोवीस वर्षे वर्गणीदार असतानाही आला नव्हता.

आजची स्थिती

काम पूर्ण झालेले नाही. जवळजवळ दोन-तृतीयांश अंकांची सूची झाली आहे. संपादनकाळाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतले अंक सर्वांत विरळ आहेत, आणि तेच नेमके हरित वसईच्या आंदोलनाच्या आधीचे व सुरुवातीचे आहेत, म्हणजे संपादक आणि कार्यकर्ता एकमेकांत कसे मिसळत गेले हे ज्यांत दिसेल ते अंक. शेजारच्या धर्मग्रामांकडे विचारणा गेली आहे. एकाने कपाट पाहून कळवतो म्हटले आहे, आणि कपाट उघडण्याआधी त्यांना काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. परवानगीचे पत्र गेले आहे. पुतळ्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘प्रलंबित’ या सदरात दर बैठकीला छापला जातो आणि दर बैठकीला वेळेअभावी पुढे जातो. निबंधस्पर्धा झाली, तिच्यात विषय दिला होता ‘आमच्या घरातला सर्वांत जुना छापील कागद’, आणि त्यातून तीन अंक नव्याने हाती लागले.

कौन्सिलने रद्दीविषयीचा जुना ठराव मागे घेतला आहे. आता कार्यालयातला कोणताही छापील कागद निकालात काढायचा असेल तर दोन माणसांनी तो पानेपाने पाहून सही करायची. त्या दोघांत चिटणीस नसावा, अशी सूचना मीच मांडली.

न मिळालेल्या महिन्यांची यादी चर्च कार्यालयाच्या दाराला लावली आहे. ती दर पंधरा दिवसांनी नव्याने लिहावी लागते, कारण लोक तिच्यावर लिहितात. मागच्या रविवारी ती बदलायला गेलो तेव्हा १९८६ च्या ओळीसमोर पेन्सिलीने, वृद्ध हाताच्या थरथरत्या अक्षरांत, लिहिलेले होते: ‘दोन आहेत. दुपारी चारनंतर यावे. न्यायला पिशवी आणावी, माझ्याकडे नाही.’